धर्माच्या आसऱ्याला वाढलेली मुलं



या व्याख्यानमालेत दरवर्षी कवी येतात, प्राध्यापक येतात. यंदा तुम्ही डॉक्टरला उभं केलंत, तेही साखरेच्या गोळ्या देणाऱ्या. चिटणीस घरी आले तेव्हा त्यांनी मला तीन विषय सुचवले. तिन्ही चांगले होते आणि तिन्हींवर माझ्यापेक्षा बरं बोलणारी माणसं या सभागृहात बसलेली आहेत. म्हणून मी म्हटलं, दवाखान्यात औषधाच्या निमित्तानं लोक ज्या एका गोष्टीबद्दल हळू आवाजात विचारतात, त्यावर बोलू द्या. ती गोष्ट अशी: "डॉक्टरसाहेब, याला कुठं ठेवता येईल का?"

"याला" म्हणजे सात-आठ वर्षांच्या मुलाला. विचारणारी बहुतेक वेळा आई असते, कधी आजी, कधी मामा. कापसाचं पीक गेलेलं असतं, कर्ज असतं, नवरा दारूत असतो किंवा फवारणीचं औषध पिऊन गेलेला असतो. आपला जिल्हा काय आणि पैनगंगेपलीकडचा यवतमाळ काय, या बाबतीत नदीनं काही वेगळं केलेलं नाही. २०१६ मध्ये आपल्या जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले, पण हा प्रश्न चारही जिल्ह्यांत सारखाच राहिला.

आपण मराठीत अशा ठिकाणांना "अनाथाश्रम" म्हणतो, आणि घोटाळा इथूनच सुरू होतो. माझ्यापुढे आलेल्या मुलांपैकी खरोखर अनाथ अशी फारच थोडी होती. बहुतेकांची आई जिवंत होती, काहींचे दोघंही होते. नव्हतं ते धान्य, नव्हती ती खोली, नव्हता तो दिवसभर घरी लक्ष ठेवणारा माणूस. पोराला अनाथ म्हटलं की आई हिशेबातून वजा होते, आणि ती वजा झाली की पुढचे निर्णय फार सोपे होतात. आश्रम काढणाऱ्याला सोपे, देणगी देणाऱ्यालाही सोपे.

अशा मुलांना गेली दीडशे वर्षं कोणी सांभाळलं? खरं सांगायचं तर सरकारनं उशिरा आणि धर्मानं आधी. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, आणि तिथंच जन्मलेल्या यशवंतला पुढं दत्तक घेऊन डॉक्टर केलं. पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर नावाचे न्यायाधीश होते, प्रार्थनासमाजाचे. विठोबाच्या गावी टाकून दिलेली अर्भकं पाहून त्यांनी १८७५ मध्ये बालकाश्रम काढला. वारीला आपल्यातले किती जण जातात! त्या गावातला हा आश्रम मात्र फार थोड्यांनी पाहिलेला असतो. मंदिराला दिलेली पावती घरात फ्रेम करून लावलेली मी पाहिली आहे. आश्रमाची पावती फ्रेममध्ये पाहिली नाही.

पण आज मला जास्त वेळ थांबायचं आहे ते पंडिता रमाबाईंपाशी, कारण या विषयातला अवघड पेच त्यांच्या आयुष्यात उघडाउघड दिसतो.

रमाबाई १८५८ मध्ये जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरणारे. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेले, भाऊ-बहीण दोघंच उरली आणि उपाशीपोटी देशभर चालली. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण अनाथ मुलांसाठी पुढं काम करणारी ही बाई स्वतः भुकेतून आलेली होती. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. परत येऊन १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. विधवांसाठी आणि निराधार मुलींसाठी. तिथं धर्म शिकवायचा नाही असं ठरलेलं होतं. ब्राह्मण मुलींना त्यांच्या रीतीनं राहता येत होतं, रांधता येत होतं. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळावर होती.

सदनातल्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची बालविधवा होती. १८९३ मध्ये तिनं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. ती सदनात राहिली, शिकली आणि हिंदूच राहिली. हे लक्षात ठेवा, कारण त्याच वर्षी पुण्यात मोठं वादळ झालं. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करीत. दार उघडं असे. काही मुली आपण होऊन तिथं जाऊन बसू लागल्या. केसरीनं झोड उठवली. रानडे आणि भांडारकर मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

दार उघडं ठेवणं हा धर्मप्रचार होतो की नाही? मी या प्रश्नावर बरीच वर्षं विचार करतो आहे. रमाबाईंचं म्हणणं सरळ होतं: मी माझा देव दडवून ठेवणार नाही आणि कुणाला ओढूनही आणणार नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणंही अगदीच खोटं नाही. दहा वर्षांच्या पोरक्या मुलीला जिनं जेवायला घातलं, जिनं डोक्यातून हात फिरवला, ती बाई ज्या देवापुढं बसते त्याच देवापुढं मुलगी जाऊन बसणार. त्याला जबरदस्ती म्हणता येत नाही, पण ती निवड होती असंही मला म्हणवत नाही. मुलाला निवड करता येते ती दोन घरं असताना. एकच घर असलं तर ते राहतं, निवडत नाही.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. वर्धा, नागपूर, चंद्रपूर हा आपल्या सीमेपलीकडचा भागही तेव्हा त्याच प्रांतात होता. त्या शेकडो मुली घेऊन आल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथल्या मुलींची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. तिथं मात्र दार उघडं-बंद हा प्रश्न उरला नव्हता. केडगाव उघडपणे ख्रिस्ती होतं. पण तिथं शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता, आणि रमाबाईंची मुलगी मनोरमा अंध मुलींना ब्रेल शिकवीत होती. त्या काळात अंध, टाकलेल्या, खालच्या समजलेल्या जातीच्या मुलीला अक्षर शिकवणारं दुसरं ठिकाण या भागात कुठं होतं, ते कोणी मला दाखवावं.

त्याच दुष्काळात पंजाबातून लाला लजपतरायही आपल्या माणसांना मध्य प्रांतात आणि पुढं राजपुतान्यात पाठवत होते. उद्देश हा की हिंदू मुलं मिशनऱ्यांच्या हाती जाऊ नयेत. आर्यसमाजानं शेकडो मुलं उचलून उत्तरेतल्या आपल्या अनाथालयांत नेली. मुलं वाचली, दोन्ही बाजूंनी वाचली. मला नाकारता येत नाही ते हे की मोठ्या माणसांच्या या चढाओढीचा मुलांना फायदाच झाला. पण चित्र डोळ्यांपुढं आणून बघा. स्टेशनावर हाडांची काडं झालेली पोरं, आणि दोन धर्मांची माणसं त्यांची मोजदाद करताहेत. मोजणारा आपल्या वहीत काय लिहितो? मुलाचं गाव लिहितो का? भावंडं किती, ती कुठल्या गाडीत गेली, हे लिहितो का?

रमाबाईंवर टीका करणाऱ्यांना तेव्हा कोणी तरी विचारायला हवं होतं की तुमची व्यवस्था कुठं आहे? कर्व्यांनी ते उत्तर बोलून न देता करून दिलं. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू झाला आणि पुढं हिंगण्याच्या माळावरच्या झोपडीत गेला. त्या कामामागं शारदा सदनात शिकलेली आनंदीबाई उभी होती. टीकाकारांनी बंद करू पाहिलेल्या घरातूनच दुसरं घर निघालं.

आता माझ्या स्वतःच्या समाजाकडे वळतो. जैनांनी अनाथाश्रमांपेक्षा बोर्डिंगंच जास्त काढली. हा फरक शब्दाचा नाही. बोर्डिंगात मूल शिकायला येतं, दिवाळीला घरी जातं, त्याचं आडनाव, त्याची आई, त्याचं गाव सगळं शाबूत असतं. आमच्या विदर्भ-मराठवाड्याकडच्या जैनांना कारंजा ठाऊक आहे. तिथं १९१८ मध्ये ब्रह्मचारी देवचंदजींनी महावीर ब्रह्मचर्याश्रम काढला. तेच पुढं मुनी समंतभद्र झाले आणि १९३४ मध्ये त्यांनी कुंभोजजवळ बाहुबलीला दुसरा आश्रम उभा केला. माझे एक चुलते कारंज्याला शिकले. वडील गेल्यावर त्यांना तिथं ठेवलं होतं. म्हातारपणीही पहाटे साडेचारला उठायचे, आणि विचारलं तर म्हणायचे, "तिथं घंटा व्हायची रे, ती अजून होते." सांगताना हसत असत. पण त्यांनी आपल्या एकाही मुलाला बोर्डिंगात घातलं नाही. का, ते कधी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारायची रीत नव्हती.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून जातवार वसतिगृहं उभी केली. मराठ्यांचं, जैनांचं, लिंगायतांचं, मुसलमानांचं. आज ऐकायला विचित्र वाटतं, पण तेव्हा स्वयंपाकघराचा प्रश्न सुटल्याशिवाय खेड्यातलं पोर शहरात टिकत नव्हतं, आणि महाराज व्यवहारी होते. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं. त्या समारंभाला जैन बोर्डिंगातला कुंभोजचा एक दांडगा मुलगा गेला. परतल्यावर त्याला सांगण्यात आलं, आंघोळ करून आत ये. तो नाही म्हणाला. चरित्रकार सांगतात की त्याला बोर्डिंग सोडावं लागलं. हा मुलगा म्हणजे भाऊराव पाटील.

आम्ही जैन मंडळी कर्मवीरांचं नाव अभिमानानं घेतो. ते आमचेच. पण आमच्या बोर्डिंगनं त्यांना बाहेर काढलं, हे सांगताना आमचा आवाज थोडा खाली येतो. तो यायलाच हवा. आसरा देणारा जेव्हा आसऱ्याला अट घालतो, तेव्हा ती अट सोसणारं पोर मिंधं होतं, आणि न सोसणारं बाहेर पडतं. भाऊराव धट्टेकट्टे होते, त्यांना बाहेर पडता आलं. आठ वर्षांच्या पोराला येत नाही.

पुढं १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांचं एकत्र बोर्डिंग सुरू केलं, आणि १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. लक्ष्मीबाई, त्यांच्या पत्नी, सोवळंओवळं पाळणाऱ्या घरातून आलेल्या. आधी त्यांना जड गेलं. मग त्याच बाईनं बोर्डिंगातल्या पोरांच्या धान्यासाठी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्र दिलं. आमच्या धर्मात चार दानं सांगितली आहेत: आहार, औषध, शास्त्र आणि अभय. पहिली तीन आम्ही हौसेनं करतो. चौथं, अभय, समोरच्याला भय वाटू न देणं, ते पावतीवर लिहिता येत नाही म्हणून मागं राहतं. लक्ष्मीबाईंनी चारही केली असं मी समजतो.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बुडवून लोक झोपले होते, आमच्याकडं दशलक्षण पर्व संपलं होतं. पहाटे चारच्या आत किल्लारी आणि भोवतालची गावं मातीत गेली. तेव्हा पुण्याच्या शांतिलाल मुथ्था यांनी, त्यांच्या भारतीय जैन संघटनेनं, बाराशे मुलं पुण्याला नेली आणि त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. मुथ्था स्वतः आईविना वाढले, कड्याच्या जैन वसतिगृहात शिकले. पुढं वाघोलीला मोठं संकुल झालं, आणि मेळघाटातली आदिवासी मुलं आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुलंही तिथं आली. यातलं मला भावतं ते हे: मुलं जैन नव्हती, आणि त्यांना जैन करण्याचा कोणाचा विचार नव्हता. नाव जैनांचं, पैसा जैनांचा, मुलं मराठवाड्याची. धर्मानं काम करावं तर असं करावं.

तरी एक प्रश्न मी माझ्या समाजबांधवांच्या बैठकीत काढत असतो, आणि चहा थंड होईपर्यंत त्यावर वाद होतो. आपल्या बोर्डिंगात गोंड किंवा कोलाम मूल आलं तर जेवणाचं काय? त्याच्या घरी सणाला कोंबडं होतं. आपण कांदा-लसूण, बटाटाही ठेवणार नाही, आणि सूर्य मावळला की चूल बंद. मी स्वतः रात्री जेवत नाही, चाळीस वर्षं झाली. पण ते व्रत मी घेतलं आहे. व्रत घेणाऱ्याचं असतं. समजून, उमजून, तोंडानं उच्चारून घ्यावं लागतं. ज्याला संध्याकाळी सातला भूक लागली आहे आणि ज्याला ताट मिळत नाही, तो व्रत पाळत नाही, तो उपाशी आहे. शाकाहारी स्वयंपाकघर चालवायला माझी हरकत नाही, ते आमचं घर आहे. पण वाढत्या मुलाला रात्रीचं दूध आणि भाकरी हवी, आणि सुट्टीत घरी जाऊन त्यानं काय खाल्लं याची चौकशी आपण करायची नाही. आपल्या संविधानाचं अठ्ठाविसावं कलम हेच सांगतं, की सरकारमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत कोणालाही धर्मशिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसवायचं तर त्याची संमती हवी, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकाची. संमती म्हणजे प्रवेशाच्या दिवशी कोऱ्या कागदावर घेतलेला अंगठा नव्हे.

अंगठ्याचं बोललो म्हणून सांगतो. नाव-गाव सांगणार नाही, त्यांना इथंच राहायचं आहे. पैनगंगेच्या काठच्या एका गावातली बाई. नवरा गेला, दोन मुलं, थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी. एक ओळखीचा माणूस आला आणि म्हणाला, लांबच्या शहरात एक संस्था आहे, देवाची माणसं चालवतात, इंग्रजी शाळा, जेवण, कपडे, सगळं फुकट. मुलाला न्या म्हणाली. मुलीला ते घेत नव्हते. दीड वर्षानं पोरगा सुट्टीला आला तेव्हा ताप होता म्हणून ती त्याला माझ्याकडं घेऊन आली. मी वजन केलं. वजन वाढलेलं होतं. दात स्वच्छ, नखं कापलेली. तक्रार करावी असं अंगावर काही नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. मी विचारलं, "काय होतंय रे?" तो माझ्याकडं बघत राहिला. मग तेलुगूत उत्तर दिलं. आईला तेलुगू मोडकंतोडकं येतं, आजीला अजिबात येत नाही. घरी तो बहिणीशी खुणांनी बोलत होता. सात वर्षं मराठी बोललेलं पोर. त्याला तिथं दुसरं नावही दिलेलं होतं. सगळे त्याला त्या नावानं हाक मारत, आणि आईनं जुन्या नावानं हाक मारली की तो लगेच वळत नसे.

आईनं पिशवीतून कागद काढला. अंगठा तिचा होता, मजकूर तिला कोणी वाचून दाखवला नव्हता. आमच्यातल्या एका निवृत्त गुरुजींनी तो बसून वाचला. अठरा वर्षांपर्यंत मुलाचे सर्व निर्णय संस्था घेईल असं त्यात होतं.

तुम्ही म्हणाल, भाषा गेली तर काय झालं, पोट तर भरलं. मला हे म्हणणाऱ्याचा राग येत नाही. ज्यानं दोन दिवस उपास काढले नाहीत त्यानं यावर जपून बोलावं. पण ही सभा मराठीची आहे. आपण पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलो, निजामाच्या राज्यात उर्दू शिकलो, मग तेलुगू शिकलो, आणि घरात मराठी ठेवली. कशासाठी ठेवली? आजीशी बोलता यावं म्हणूनच ना? हैमेनडॉर्फ साहेबांनी १९४३ मध्ये मारलवाईला गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र काढलं. गोंडी वाचनाची पुस्तकं देवनागरीत छापवली. जंगलातल्या पोराला त्याच्या आईच्या भाषेतून अक्षर द्यावं, हे परदेशातून आलेल्या माणसाला आणि निजामाच्या सरकारला तेव्हा कळलं होतं. आज मुलाला आसरा देणाऱ्यांना ते कळायला हरकत नसावी.

कायदा काय म्हणतो, ते थोडक्यात. २०१५ चा बालन्याय कायदा सांगतो की मुलाचं कल्याण आधी कुटुंबात, संस्था हा शेवटचा उपाय. मुलं ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेनं, सरकारचा पैसा घेत असो वा नसो, नोंदणी केली पाहिजे. नाही केली तर संस्था चालवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. निराधार मूल सापडलं तर चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढं न्यावं लागतं. देवाचं नाव दारावर असलं म्हणून यातून सूट नाही. मशीद असो, मठ असो, चर्च असो, आमचं मंदिर असो. मी काही धर्मगुरूंशी याबाबत बोललो आहे. चांगले असतात ते लगेच कपाट उघडून नोंदणीचा कागद दाखवतात. बाकीचे आधी चहा मागवतात.

आणि कायदा एका ठिकाणी फार कोता आहे. अठरा पूर्ण झाली की मुलानं बाहेर पडायचं. पुढं एकवीसपर्यंत थोडी मदत मिळू शकते. अमरावतीजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकर आहेत, गाडगेबाबांना मानणारे. त्यांनी सव्वाशेच्या आसपास अपंग, मतिमंद, टाकून दिलेली मुलं सांभाळली, वडील म्हणून स्वतःचं नाव दिलं. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते वर्षानुवर्षं एकच मागतात: अशा मुलांना अठरानंतर बाहेर काढू नका. ज्याला बोलता येत नाही, दिसत नाही, त्याचा अठरावा वाढदिवस सरकारनं कशाला साजरा करायचा? त्यांच्या आश्रमात वाढलेली एक अंध मुलगी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा पास झाली तेव्हा वर्तमानपत्रांनी मोठे फोटो छापले. छापायलाच हवे होते. पण बाबांच्या मागणीला तेवढी जागा मिळाली नाही.

पैनगंगेच्या काठच्या त्या पोराचं काय झालं, हे विचारायला काही जण थांबलेले दिसतात. आईनं त्याला परत पाठवलं नाही. गुरुजी तिच्याबरोबर बालकल्याण समितीकडं गेले, अर्ज दिला, संस्थेकडून दाखला यायला चार महिने लागले. तो आता गावच्या शाळेत आहे. पहिल्या वर्षी त्याचं वजन दोन किलोनं उतरलं. मी तेही लिहून ठेवलं आहे. मराठी महिनाभरात परत आली, मुलांची येते. नाव मात्र तो दोन्ही सांगतो.

घरात मूल ठेवायला पैसा लागतो. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेत विधवा आईच्या मुलाला घरीच राहण्यासाठी महिन्याला ४,००० रुपये मिळू शकतात. खेड्यात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ७२,००० पर्यंत असावं लागतं. नदीपलीकडे महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे, तिचे २,२५० रुपये झाले आहेत. एखाद्या संस्थेत एक मूल ठेवायचा खर्च काढून बघा, मग हे पैसे थोडे वाटणार नाहीत. हे पैसे मुलाबरोबर आईलाही घरात ठेवतात, आणि धाकट्या बहिणीलाही. पण ते मिळतात किती जणींना? कचेरीचा कागद तेलुगूत असतो, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला लागतो, उत्पन्नाचा लागतो, बँकेचं खातं लागतं, आणि तीन खेपा होतात. एका खेपेला एक दिवसाची मजुरी जाते. त्या बाईला एका दिवसात ओळखीचा माणूस भेटतो, आणि तो म्हणतो, मी नेतो, फक्त अंगठा द्या.

म्हणून मंडळाकडं माझं मागणं आहे, आणि ते मी अध्यक्षांना आधी सांगितलेलं आहे, म्हणजे त्यांना आत्ता धक्का बसणार नाही. मंडळाची वाचनालयाची खोली रविवारी सकाळी रिकामी असते. आपल्यात निवृत्त गुरुजी आहेत, तहसीलमधून निवृत्त झालेले कारकून आहेत, तेलुगू उत्तम लिहिणाऱ्या सुना आणि नाती आहेत. रविवारी दहा ते बारा तिथं एक टेबल टाकावं. येणाऱ्या आईचा अर्ज कोणी तरी तिच्यापुढं बसून भरावा, आणि अंगठा देण्याआधी प्रत्येक ओळ तिला मराठीत वाचून दाखवावी. झेरॉक्सचा खर्च माझ्या दवाखान्याकडून. गुरुजी हो म्हणाले आहेत. त्यांच्यासोबत बसायला दुसरा माणूस हवा आहे, आणि पहिला रविवार परवाचाच आहे.